बोटभर वापसी

या जगात ज्याच्यावर वजन पडलेलं नाही असं काही नाही, आणि ते वजन किती हे वारंगा फाट्यावरच्या कमानवाल्या मामांना नुसतं बघून सांगता येणार नाही असंही काही नाही. हे विधान माझं नाही, मामांचंच आहे. मी फक्त त्यातलं व्याकरण सुधारलं. मामा माझे कुणीच लागत नाहीत. फाट्यावर सगळेच त्यांना मामा म्हणतात. मी फाट्यावर राहतो आणि आखाडा बाळापूरला कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. बाळापूरकडे जाणारी गाडी जिथे थांबते तिथे सावली एकच, ती मामांच्या दुकानाची. त्या सावलीत मी बावीस वर्षं गाडीची वाट पाहिली आहे. एवढ्या सहवासात माणूस एक तर नातेवाईक होतो, नाहीतर शिष्य. मी दुसरा झालो.

मामांचा धंदा कमानींचा. ट्रकच्या चाकांवर पोलादी पाट्यांची एकावर एक रचलेली जी जुडी असते, ती कमान. माल भरला की ती वाकते, माल उतरला की पुन्हा पहिल्यासारखी होते. होईनाशी झाली की ‘कमान बसली’ म्हणतात आणि गाडी मामांच्या दारात येते. मग मामा पाटे सोडवणार, भट्टीत लाल करणार, घणाखाली घालून त्यांना गोलाई देणार, पाणी पाजणार. याला ‘कमान उठवणं’ म्हणतात. बसलेल्यांना उठवण्याचं काम तसं मीही करतो, पण सरकारमान्य वर्गात. यशाचं प्रमाण मामांचं जास्त आहे.

दुकानासमोर रस्त्यापलीकडे वजनकाटा आहे. बाळापूरच्या बाजारातून हळदीचा ट्रक येताना दिसला की मामा हातातला घण खाली ठेवून त्याच्या पाठीकडे बघतात, डोळा बारीक करतात आणि म्हणतात, “एकशे बासष्ट क्विंटल. लिहून घ्या, सर.” हे ‘लिहून घ्या’ त्यांचं पालुपद. सुरुवातीला मी खरंच लिहून घेत असे, कारण शास्त्राच्या माणसाने पडताळा घ्यावा असं पुस्तकात लिहिलेलं आहे. ट्रक काट्यावर चढायचा, चिठ्ठी यायची, एकशे बासष्टच्या आगेमागे आकडा असायचा. एकदा सात क्विंटलांचा फरक पडला. मामा अजिबात विचलित झाले नाहीत. “काट्याला तेल घाला म्हनावं,” एवढंच म्हणाले. गंमत म्हणजे काटेवाल्याने त्याच दुपारी तेल घातलं.

गिऱ्हाइकाला बसायला त्यांनी एक बाक केला आहे. दोन दगडी खांबांवर ट्रकचा लांब पाटा, त्यावर जुन्या टायरचं कातडं. माणूस बसला की पाटा वाकतो आणि मामांना त्याचं वजन कळतं. इथवर ठीक आहे. पण वाकण्यावरून त्यांना माणसाची चिंताही कळते असा त्यांचा दावा आहे. “शांत मानूस एकदम बसतो. चिंतेतला मानूस हप्त्या-हप्त्यानं बसतो.” मला ते दर महिन्याला सांगतात, “सर, दिवाळीपासून चार किलो वाढले तुमी.” हेच घरी आमच्या सौभाग्यवती बाकाशिवाय सांगतात, पण तिथे अचूकतेचा आग्रह नसतो, आकडा भावनेप्रमाणे बदलतो.

मामांचं सगळं तत्त्वज्ञान एका शब्दात मावतं आणि तो शब्द म्हणजे ‘वापसी’. वाकलेली वस्तू सोडल्यावर जितकी मागे येते तितकी तिची वापसी. दुकानात चप्पल घेतली तर ते ती मधोमध दुमडतात, सोडतात, बघतात आणि दुकानदाराला विचारतात, “याला वापसी हाय का?” नवीन दुकानदार म्हणतो, “आठ दिवसांत बदलून देऊ.” तिथून पुढचं संभाषण ऐकण्यासारखं असतं. बाजारात मामा भेंडी घेताना नियम उलटा लावतात: “भेंडीला वापसी असंल तर घेऊ नका. वाकवली की कटकन मोडली पायजे. वापस आली म्हंजे कालची हाय.” पोळीला वापसी असते, भाकरीला नसते, म्हणून पोळी पाहुण्याला आणि भाकरी घरच्याला, अशीही एक उपपत्ती त्यांनी मला एका श्रावणात दिली होती. तिचा तर्क मला आजही लागलेला नाही, पण खोडूनही काढता आलेला नाही.

एकदा मी त्यांना सांगितलं, मामा, तुमच्या या वापसीला आमच्या पुस्तकात स्थितिस्थापकता म्हणतात. मामांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, तिसऱ्यांदा मध्येच सोडला.

“एवढा लांब काहून?”

“शास्त्रीय शब्द आहे.”

“म्हनताना जीभच वाकून राहिली. वापस येईना.”

मग मी त्यांना पुस्तकातला नियम सांगितला. ओझं दुप्पट केलं की ताणही दुप्पट होतो, तिप्पट केलं की तिप्पट. पण हे एका मर्यादेपर्यंतच, त्यापुढे वस्तू पूर्ववत होत नाही. मामा लक्षपूर्वक ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बराबर हाय. पन ही गोष्ट बैलाला आधीपासून ठाऊक व्हती.”

बैलांचा संबंध आहे. मामा जवळच्या तांड्यातले. त्यांच्या पूर्वजांचा धंदा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरण्याचा. आता तांड्यात सगळे सोयाबीन आणि हळद करतात; पण मामांच्या मते वजनाचं ज्ञान रक्तात उतरलेलं आहे. “आमच्या पनज्याला बैलाची पाठ बघून कळायचं, गोनीत मीठ किती आन् मिठात पानी किती. बैल बोलत न्हाई, सर. पाटा बी बोलत न्हाई. वाकून सांगतो. आपल्याला वाचता आलं पायजे.” मी साक्षरतेवर बरीच भाषणं ऐकली आहेत, त्यांतली बहुतेक हार घातलेल्या माणसांनी केलेली होती. त्यांतलं एकही लक्षात नाही.

हार घातलेल्या माणसांवरून आठवलं. आमच्या भागात एक पुढारी आहेत. नाव सांगायची गरज नाही, फाट्यावरच्या प्रत्येक फलकावर ते हात जोडून उभे आहेत. निवडणुकीच्या दिवसांत ते एकदा दुकानात आले. कमरेत इतके वाकले की त्यांच्या गळ्यातला हार मामांच्या भट्टीत जाता जाता वाचला. निवडून आल्यावर तेच पुढारी फाट्यावरून गाडीतून गेले, मान ताठ, नजर समोर, काच वर. मामा गाडीकडे बघत राहिले आणि अत्यंत आदराने म्हणाले, “शंभर टक्के वापसी, सर. केसभर सुदिक बसला न्हाई गडी. असलं पोलाद बाजारात मिळत न्हाई.” हे वाक्य फाट्यावरून बाळापूरपर्यंत माझ्या बसच्या आधी पोचलं. पुढाऱ्यांपर्यंतही पोचलं होतं, हे पुढे कळलं.

मामांचा हेका एकच: जादा पाटा घालायचा नाही. ट्रकवाले येतात, म्हणतात, मामा, दोन पाटे वाढवा, चाळीस क्विंटल जादा न्यायचंय. मामा नाही म्हणतात. पाटा वाढवला की कमान कडक होते, वाकत नाही, आणि जो हादरा कमानीने खायचा तो गाडीची चौकट खाते, ड्रायव्हरची कंबर खाते. “वाकनारी वस्तू वाकू द्या. न वाकनारी एक दिवस मोडती.” ट्रकवाले रागावून पुढच्या दुकानात जातात आणि पाटे वाढवून घेतात. मामांचं असं नुकसान मी बावीस वर्षं पाहत आलो. त्याच्या बदल्यात त्यांनी एकच गोष्ट कमावली: वजनाच्या बाबतीत मामांचा शब्द म्हणजे शब्द. तांड्यात बैलगाडी भरताना, लग्नाच्या मांडवाला बल्ली लावताना, विहिरीवर मोटर उतरवताना माणसं आधी मामांना विचारायची. आणि मग पुलाचं झालं.

तांड्याला जायला रस्त्यावरून एकच वाट आहे आणि त्या वाटेवर ओढ्यावरचा एक लोखंडी पूल. अरुंद आहे, माणसं आणि फटफट्या जातात. गेल्या कार्तिकात मामांना त्या पुलाचा संशय आला. चालताना पायाखाली ‘आवाज जुना लागतो’ म्हणाले. संशय आला की मामा मोजतात. त्यांनी पुलाच्या बरोबर मध्यावरून खाली एक दोरी सोडली, तिच्या टोकाला पाच किलोचा लोखंडी ठोकळा बांधला. खाली ओढ्यात सपाट खडक आहे. खडक आणि ठोकळा यांच्यात बरोबर एक बोट जागा राहील अशी त्यांनी गाठ मारली. पूल बसला तर ठोकळा खडकाला टेकेल. साधी, सुंदर युक्ती. मी मनापासून कौतुक केलं. रोज संध्याकाळी मामा खाली उतरून त्या फटीत बोट घालून बघायचे. पौषात बोट अडकायला लागलं. फाल्गुनात ठोकळा खडकाला टेकला.

“बसला,” मामा म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. “पूल बोटभर बसला, सर. वापसी गेली त्याची. लिहून घ्या.”

मी लिहून घेतलं. या वेळी अर्जावर. ‘सदर पूल मध्यभागी एक बोट खचला असून’ असं माझ्या उत्तम मराठीत लिहिलं, खाली मामांचा अंगठ्याएवढी जाड सही आणि तिच्या शेजारी माझी, पदासकट: पदार्थविज्ञान शिक्षक. अर्ज गेला. मामांनी तांड्यात सांगितलं, एका वेळी पाचच माणसं पुलावर. तांड्याने ऐकलं. डोक्यावर भारे घेतलेल्या बाया अलीकडे थांबून पाच-पाच मोजून जाऊ लागल्या.

अर्जावर कार्यवाही झाली. पुलाला निळा रंग दिला. रंग वाळायच्या आत पत्रिका निघाली, ‘नूतनीकृत पुलाचा लोकार्पण सोहळा’, आणि आमचे शंभर टक्के वापसीवाले पुढारी फीत कापायला आले. बरोबर चाळीसेक माणसं, ताशा, दोन फोटोवाले आणि एक गप्प इंजिनिअर. सगळ्यांनी एकदम पूल ओलांडून पलीकडे तांड्यात सत्काराला जायचं असा बेत. फीत कापली. पुढाऱ्यांनी पाय उचलला आणि मामा आडवे उभे राहिले.

“पाच-पाच जन जा, साहेब.”

“का हो मामा?” पुढारी हसून म्हणाले. फोटोवाले चालू होते. “आमचं पोलाद कच्चं वाटतं का तुम्हाला?” म्हणजे ते वाक्य पोचलं होतं.

“तुमचं न्हाई, पुलाचं. पूल बोटभर बसलाय. खाली बघा. ठोकळा टेकलाय का न्हाई? सरांना विचारा.”

चाळीस माणसांनी कठड्यावरून खाली बघितलं. ठोकळा टेकलेला होता. मग चाळीस माणसांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बावीस वर्षांच्या अध्यापनाचा सगळा अधिकार त्या मान हलवण्यात मी ओतला. पुढाऱ्यांचा उचललेला पाय हळूच मागे आला. ताशा थांबला. त्या शांततेत, पुलाच्या पलीकडच्या टोकाला आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बायांमधून मामींचा आवाज आला.

“अवं, ती दोरी कुठली वं?”

“घरचीच,” मामा म्हणाले. “तू गप बस.”

“निळी? नायलनची? मी कपडे वाळू घालायचे ती?”

“व्हय.”

“अवं मंग तिचं काय सांगून राहिले! दर म्हैन्याला गाठ सोडून ताणून बांधावं लागायचं मला. लुगडी भुईला टेकायची. लोंबती ती मेली!”

गप्प इंजिनिअर पहिल्यांदा हलला. त्याने विचारलं, “दोरी बांधली तेव्हा मापली होती का?”

“वजन लावून मापली. अकरा फूट. पुरी. लिहून…” मामा मध्येच थांबले.

इंजिनिअर खाली उतरला. टेप काढली, वरून दोरी जराशी ओढून ठोकळा खडकावरून उचलून तसाच लोंबता धरायला लावला आणि गाठीपासून ठोकळ्याच्या कडीपर्यंत दोरी मापली. अकरा फूट आणि एक बोट. पूल होता तिथेच होता. बसली होती दोरी. पाच किलोंचं ओझं चार महिने धरून ती बोटभर वाढली होती, आणि ते ओझं तिला मामांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं होतं.

आधी ताशेवाला हसला. मग सगळे. पुढारी सगळ्यांत शेवटी हसले, पण सगळ्यांत जास्त वेळ. नंतर चाळीसही माणसं ताशा वाजवत पुलावरून गेली. पूल जरासा वाकला आणि पुन्हा सरळ झाला. मामा खाली ओढ्यात उभे होते, एका हातात दोरी घेऊन. माझी अवस्था काही बरी नव्हती. तारेला वजनं लावून तिची लांबी किती वाढते हे मोजण्याचा प्रयोग मी दरवर्षी करून घेतो. बावीस वर्षं. माझ्या डोळ्यांदेखत तो प्रयोग पुलाखाली चालला होता आणि मी त्याच्या शेजारी सही केली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही. बाकावर बसून मी गाडीची वाट पाहायचो. कुणी वजन सांगायचं नाही. काटेवाला पलीकडून ओरडायचा, “सर, हा ट्रक किती?” आणि एकटाच हसायचा. पाचव्या दिवसापासून तोही हसेना. आठव्या दिवशी मामी फाट्यावर आल्या. “सर, या की घरी. भाकर खाऊन राहिले, पन बोलंना गेले. कमान बसली ह्यांची. मी बोलून गेले, आता मला उठवता येईना.”

मी संध्याकाळी तांड्याकडे निघालो. पुलाजवळ पोचलो तर भारे घेतलेल्या बाया पुढे चाललेल्या. मी पुलावर पाय ठेवणार तेवढ्यात पुढची बाई वळून म्हणाली, “थांबा सर. पाच झाले.”

मी थांबलो. त्या पलीकडे उतरल्या, मग मी गेलो.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. मी शेजारी बसलो. त्यांनी माझं वजन सांगितलं नाही. मी म्हणालो, “मामा, सही माझीही होती.”

“तुमी पुस्तक वाचून सांगता, सर. मी वाकनं वाचून सांगतो म्हनत व्हतो.” मग म्हणाले, “आता काय तोंडानं सांगू कुनाला वजन.”

मी त्यांना पुलावरचं सांगितलं. त्यांनी मान वर केली.

“सहावं कोन व्हतं?”

“मी.”

“मंग थांबले?”

“थांबलो.”

“काहून? पूल तर चांगला हाय.”

“बाई म्हणाली, पाच झाले. थांबलो.”

मामांनी बाजेवरून पाय खाली सोडले. मग उठून घरात गेले आणि ती निळी दोरी घेऊन आले. आठ दिवस त्यांनी ती वजन काढून सैल सोडून ठेवली होती. अंगणातल्या खुंटीला टोक लावलं, तोच ठोकळा बांधला, माझ्यासमोर मापली. अकरा फूट आणि अर्धं बोट.

“अर्धं वापस आलं,” मामा म्हणाले. “अर्धं राहिलं.”

मी सांगितलं की पुस्तकातसुद्धा पूर्ण स्थितिस्थापक वस्तू फक्त पुस्तकातच असते.

“मंग ठीक हाय,” मामा म्हणाले. घरातून मामींचा आवाज आला, “मंग माझी दोरी द्या आता, कपडे वाळायचेत.” मामांनी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. दोरी आता भट्टीशेजारी टांगलेली असते, ठोकळ्यासकट, आणि मामा महिन्याच्या महिन्याला ती पोलादी टेपने मापतात. पुलाखाली त्यांनी दोन तारा सोडल्या आहेत, एकीला वजन, दुसरी नुसती, ताडून पाहायला. तसं आमच्या प्रयोगाच्या वहीतही असतं. गिऱ्हाईक पूर्वीसारखं येतं, बाक पूर्वीसारखा वाकतो, जादा पाट्याला मामा पूर्वीसारखंच नाही म्हणतात. पूल चांगला आहे हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि बाया अजून पाच-पाच मोजून जातात.

परवा हळदीचा ट्रक आला. मामांनी घण खाली ठेवला, डोळा बारीक केला. मी सवयीने खिशातून पेन काढलं. मामांचं तोंड उघडलं, ‘लि’ एवढं ओठांवर आलेलं मी पाहिलं. मग त्यांची नजर भट्टीशेजारच्या दोरीकडे गेली.

“एकशे सत्तरच्या आसपास असंल,” ते म्हणाले. “मापून बघू.”

काट्यावरून चिठ्ठी आली. बरोबर एकशे सत्तर. मामा ‘लिहून घ्या’ म्हणाले नाहीत, घण उचलून कामाला लागले. पेन उघडंच धरून मी बसलो होतो. माझी गाडी येऊन निघूनही गेली.